चौथ्या भागातली पाणाडी

चौथ्या भागात, साधारण अकराव्या मिनिटाला,
तामाए गुडघे टेकते, केस मागे सारते
आणि जमिनीला कान लावते.
"खाली तीन नद्या आहेत," ती म्हणते,
"त्यातली एक रुसलेली."

बस्स. एवढंच.
तेवढ्यात नायकाची तलवार पेटते,
संगीत चढतं, डोंगर फुटतो
आणि त्या नद्यांचं पुढे काय झालं
कुणी विचारत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये सगळे वाळवंटात अडकतात.
पाच भाग. पाच भाग पाण्यावाचून तडफडतात,
नायक ओठ चाटत आईची आठवण काढतो,
खलनायकसुद्धा घोटभर पाण्यासाठी तहाला तयार,
आणि ही मागे उभी
सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत!

"अरे, तिला विचारा की!" मी सोफ्यावरून ओरडले.
शेजारच्या मिसेस ऑर्मरॉइडनी भिंतीवर थाप मारली.

काखेत कळसा नि गावाला वळसा,
निहारला फोनवर म्हटलं.
म्हणीचा अर्थ सांगावा लागला,
मग हसला तो, नॉरिचच्या हॉस्टेलातल्या गलक्यातून.
"आई, तू स्वतःला बघतेयस तिच्यात."

नाही रे.
मला विचारतात. रोज रात्री विचारतात.
हॅलिफॅक्सच्या चढांवर दोन वाजता,
गाव निजलं, नळ मिटले
की मी काठी घेऊन निघते.
कीथनं निवृत्त होताना दिलेली, लाकडी,
त्याच्या कानानं झिजून गुळगुळीत झालेली.
एक टोक झडपेवर, एक माझ्या कानाशी,
आणि रस्त्याखालचा शंभर वर्षांचा बिडाचा पाइप
फुटला असेल तिथे सूं करतो.
खडीतून गळतं त्याचा आवाज निराळा,
चिकणमातीत मुरतं त्याचा निराळा.
एकदा तासभर ऐकत बसले,
ते कबाबवाल्याचं फ्रीज निघालं.
सापडलं की निळ्या रंगाची फुली मारायची,
सकाळी पोरं येऊन खणतात.
पगार बरा आहे. माझं काही अडलेलं नाही.

म्हणून तर कळतं मला
त्या मुलीकडे काय होतं ते.
नुसत्या कानानं तीन नद्या वेगळ्या करणं
ही काय एका पावसाळ्याची विद्या?
कुणी शिकवलं तिला? किती खड्डे कोरडे गेले?
आणि रुसलेली नदी, ती कुणावर?
लिहिणाऱ्यानं विहीर खणली, पाणी लागलं,
आणि हा पठ्ठ्या दोर गुंडाळून
दुसऱ्या गावाला निघून गेला.

मग मीच रचते कधीतरी,
व्हॅनमध्ये, गार थालीपीठ खाताना.
सातवा भाग. नकाशावरून सगळे भांडताहेत.
तामाए पिशव्या खाली ठेवते.
एकेक. कुणाला न विचारता.
चालत जाते, वाळूत आडवी होते,
कान लावते.
बराच वेळ काहीच घडत नाही.
(हे मला फार आवडतं,
टीव्हीवर कुणी चालवून घेणार नाही.)
मग ती उठते,
गालाला चिकटलेली वाळू तशीच,
आणि म्हणते, "इथे नाही."
पुन्हा चालू लागते.

तिसरा सीझन येतोय.
निहारनं पोस्टर पाठवलंय:
नऊ चेहरे, दोन घोडे, एक जळतं जहाज.
बोटांनी ताणून ताणून पाहिलं.
उजव्या कडेला अर्धा खांदा, पिशवीचा पट्टा.
तो दुसऱ्याच कुणाचा आहे, निहार म्हणतो.

असेल.
पट्टा ढिला दिसतोय मात्र,
खांद्यावरून उतरत असल्यासारखा.