उपक्रमाचे नाव

रकाना दोन बोटं रुंद:
'निकालवाढीसाठी राबवलेल्या नावीन्यपूर्ण उपक्रमाचे नाव'.
कधीची पेन उघडून बसलेय.

गेल्या वर्षी सहावी ब मध्ये
भागाकार येणारी मुलं नऊ, एकतीसपैकी.
यंदा बावीस.
पर्यवेक्षकांनी दोनदा बेरीज तपासली,
माझ्याकडे पाहिलं, जरा संशयानंच,
मग म्हणाले, बाई, लिहून द्या, वर पाठवू.

काय लिहू?

सातपूरच्या कारखान्यांमागे आमची वस्ती.
गंगापूरचं धरण शहराला इतकं लागून
की भरलं म्हणजे लोक तिकडे भजी खायला जातात.
वस्तीत मात्र नळ सव्वासातला, अर्धा तास,
आणि शाळेची घंटाही सव्वासातला.
गणित पहिल्या तासाला,
डोकं ताजं असतं म्हणून.

रोहिणी चौरे रोज आठला यायची,
एक बाही ओली, एक खांदा उतरलेला.
आम्रपाली, दुर्गेश, शेखांची दोघं, सगळी त्याच रांगेतली.
मी हजेरीत लाल शाईनं लिहायचे: उशिरा.
तीन वर्षं लिहिलं.
दाराशी उभंही केलं,
हे रकान्यात बसणार नाही.

एकदा फळ्यावर गणित घातलं:
एका हंड्यात किती कळश्या?
रोहिणी म्हणाली, बाई, आमचा चेपलाय,
त्यात अडीचच बसतात.
वर्ग हसला, तीही हसली.
पुस्तकात उत्तर तीन होतं.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक पुसलं.
पहिल्या तासाला चित्रकला,
गणित मधल्या सुट्टीच्या अलीकडे.
एवढंच.

निंबाला अजून भागाकार येत नाही.
त्याच्या दारातच नळ आहे, तो घंटेआधी येतो,
दप्तर मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहतो.
का, ते मला सापडलेलं नाही.
त्याला तर रकानाही नाही.

शेवटी लिहिलं: वेळापत्रकात किरकोळ बदल.
कार्यालयातून फोन आला,
बाई, नाव जरा भारदस्त द्या
आणि फोटो जोडा, फलक धरून.

परवापासून पाणी साडेनऊला सुटतंय.
आज तिसऱ्या तासाला पाच बाकं रिकामी होती.
मी फडकं ओलं करून घेतलंय.
चित्रकलेच्या सरांना
अजून सांगायचं आहे.