पोटातलं पाणी

लोर्कन पर्थच्या खाणीत कामाला गेला
आणि त्याची सिव्हिक माझ्या दारात सोडून गेला,
जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी.
चावीसोबत एक पाना, आकड्यासारखा वाकडा,
कप्प्यात चिठ्ठी, त्याच्या तिरक्या अक्षरात:
पुढे चार, मागे सहा. हात लावू नकोस.

चार म्हणजे सगळ्यात कडकपासून चार टक मागे.
रॅलीच्या रविवारी ठीक असेल ते.
मला दर गुरुवारी मॅनस बॉनरला
लेटरकेनीच्या इस्पितळात न्यायचं असतं.
ग्लेन्टीज सोडलं की रस्ता दलदलीवरून जातो,
खाली ओलं पीट, वर डांबर,
भिजलेल्या गादीवर घातलेल्या चादरीसारखं.
प्रत्येक उंचवट्याला कॉइलओव्हर तळाला जाऊन
रबरी ठोकळ्यावर आपटायचा.
मॅनस एक्क्याऐंशीचा, डोळे पूर्ण गेलेले,
एक हात दाराच्या मुठीवर, दुसरा टोपीवर.
तक्रार नाही.
फक्त घरी आल्यावर उतरायला तीन मिनिटं.
मी मोजली आहेत.

एका शनिवारी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली.
आट्यांत तीन हिवाळ्यांचं मीठ.
ब्रशने घासलं, तेल सोडलं, चहा प्यायले, पुन्हा तेल.
लॉकची कडी हलेना. पाना निसटला,
आंगठ्याचं सालटं गेलं,
आणि लोर्कनचा मी जो उद्धार केला
तो पलीकडच्या मेंढ्यांनी मान वर करून ऐकला.
मग एकदम सुटली, रुसवा सोडावा तशी.

गाडी तीन सेंटिमीटर वर घेतली.
स्प्रिंगला आणखी दाबलं नाही,
फक्त खालचा पाय लांब केला.
चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेप लावली, चारही कोपरे;
डावा मागचा दोन मिलिमीटर खोटं बोलत होता.
मग वरची मूठ, डावीकडे,
टक, टक, टक, वीसपर्यंत.
टायरातली जास्तीची हवाही सोडली,
हात होताच तिथे.

गुरुवारी पोटातलं पाणी हललं नाही.
मी गुणगुणत होते.
फिनटाउनचं तळं मागे पडलं
तेव्हा मॅनस म्हणाला,
“ब्रोना, निघालो का गं आपण?”

मला हसू आलं. मग त्याचे हात दिसले,
गुडघ्यावर काहीतरी चाचपणारे.

पहिला गचका म्हणजे मॅकहग्यांची मोरी, तो म्हणाला.
लागोपाठ दोन म्हणजे भाऊ जिथे पीट कापायचा ती जागा.
मग बराच वेळ काही नाही, ते तळं.
मग कंबरेत कळ. ती कळ म्हणजे पूल,
पूल म्हणजे अर्धं झालं.
“आज कुणीतरी सगळं पुसून टाकलंय.”
रागावून नाही. सांगावं म्हणून सांगितलं.

रविवारी शेजारच्या डेक्लनला चालवायला बसवलं
आणि मी मॅनसच्या जागी, डोळे मिटून.
वीसवर: बोटीत बसल्यासारखं, वर मळमळ.
थांबलो. दोन टक. पुन्हा मागे जाऊन तोच रस्ता.
सतरावर मोरी कळली.
भावाची जागा मात्र एकच गचका झाली होती.
पुन्हा थांबलो. पाऊस. डेक्लनची कुरकूर.
चौदावर दोन्ही आले, वेगवेगळे,
आणि पूल आला तेव्हा
कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तसा आला.

रात्री लोर्कनचा फोन. “किती ठेवलंस?”
“पुढे चौदा, मागे सोळा.”
“म्हणजे सोफाच केलास की.”
“सोफ्याला पूल कळत नाही,” मी म्हटलं.
तो थोडा वेळ काही बोललाच नाही.
मग विचारलं, “आणि कडी? सुटली?”

या गुरुवारी तळं संपलं,
मॅनसने टोपीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.
“आता पूल,” म्हणाला.
मी वेग थोडा कमी केला,
त्याचं म्हणणं आधी पूर्ण व्हावं म्हणून.