बटण

कळव्याच्या इस्पितळात, काचेच्या खोलीत,
शुलमिथच्या कानांवर तिच्या तोंडाएवढे हेडफोन.
आवाज आला की बटण दाबायचं,
एवढंच तिला खुणेनं सांगितलेलं.
तिनं दाबलं.
थांबून पुन्हा दाबलं.
काचेबाहेर मी रडत स्तोत्र पुटपुटत होतो.
मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या,
"रणभिसे, मशीन अजून लावलंच नाहीये.
ती तुमचा चेहरा बघून दाबतेय."

त्या रविवारी चरईच्या मंडळीत
साक्ष द्यायला उठलो नाही.
सात वर्षं उठायचो.
प्रभूनं अमुक ऐकलं, तमुक दाखवलं,
आज नाही तर उद्या नक्की.
पाळकसाहेब डोळे मिटायचे,
पुढच्या बाकावरून आमेन यायचं,
बायको पदराआडून बघत राहायची.
खरं म्हणजे माझ्या कानी
कधी काही आलंच नव्हतं.
मीही चेहरे बघूनच दाबत होतो.

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं कोपरीला खाडीकाठी जातो.
ओहोटीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात,
ती मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
मी "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथवर येतो
आणि अडतो.
तिला ओठ हललेले दिसतात.
हातांनी विचारते : कोणाशी?
मी वर बोट करतो.
तो काय म्हणाला?

पहिल्यांदाच खरं सांगितलं.
नकारार्थी मान हलवली.

तिला काही वाटलं नाही.
जवळ सरकली,
मी बोलताना ठेवते तसा
माझ्या गळ्यावर तळवा ठेवला,
वाट बघत.