तारका

ऑक्टोबर लागला की पट मोजायचा, हे काम माझं.
एकवीस वर्षं टर्लोच्या मिडल स्कूलच्या ऑफिसात;
हीटरची टकटक, खिडकीतून दिसणारा धान्याचा उंच सायलो,
त्याच्यावर गावाचं नाव आता नुसतं ‘र्लो’ उरलंय.

त्या साली सहावीत अकरा, सातवीत तेरा,
आठवीत नऊ.

नऊ म्हणजे काय, ते राज्याच्या कचेरीला विचारा.
दहाच्या खाली मुलं असली की निकाल छापत नाहीत,
गुणांच्या चौकटीत एक तारका टाकतात:
कुणाचं काय चुकलं ते गावाला कळू नये म्हणून.
जणू काही कळत नाही!
नेब्रास्काच्या या कोपऱ्यात गाय गाभण राहिली
की गाईच्या आधी को-ऑपवर कळतं.

तरी मला ती तारका आवडायची.
गणित: तारका. वाचन: तारका.
पोस्पिसिल सर म्हणायचे,
‘लॅवॉन, आपला वर्ग सरळ आकाशात गेला बघ.’

मग जानेवारीत, दाराशी कमरेएवढं बर्फ असताना,
डेअरीवर नव्यानं लागलेला एक बाप आत आला.
टोपी हातात. मागे मुलगी.
नाव तिनं स्वतःच लिहिलं, नोएमी शोल,
आणि मी शिक्का उचलायच्या आत
मनात आकडा बदलला.
दहा.

परीक्षा एप्रिलात. निकाल पुढच्या पानगळीत.
तारका नव्हती.
गणित, चाळीस टक्के. काळ्या शाईत.

चाळीस टक्के म्हणजे दहात चार;
उरलेले सहा कोण, ते को-ऑपच्या टेबलावर
पहिली कॉफी निवायच्या आत ठरलं.
ब्रुनिंगांचा टेविन, तो तर धरलेलाच.
हुलमनांच्या जुळ्यांतली एक (कोणती, यावर वाद).
आणि नवी मुलगी, अर्थात.
‘तिनंच आकडा खाली ओढला,’ डेल म्हणाला.
डेल वाईट नाही. दर साली शाळेला
ट्रकभर कणसं फुकट आणून टाकतो.

मी साखर ढवळत राहिले. साखर मी घेत नाही.
गुणांची पाकिटं माझ्याच हातून जातात.
चारांतली एक कोण, मला ठाऊक आहे:
भागाकार ती उलट्या बाजूनं मांडते,
भाजक उजवीकडे, आणि पोस्पिसिल सरांनी
ती रीत स्वतःच्या वहीत उतरवून घेतली होती.
डेलचा नातू चारांत नाही, हेही ठाऊक आहे.
सांगता येत नाही. नोकरी आहे.
नोकरी नसती तरी.

यंदा सहावीत सात.
परवा जिल्ह्याचा माणूस येऊन गेला,
खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या,
छताला टॉर्च लावून पाहिलं.
मुलं जेवायला गेली होती.

काल किराणा दुकानात नोएमीचा बाप भेटला.
मेव्हणी येतेय म्हणाला, थँक्सगिव्हिंगनंतर,
दोन मुलं; आणि हात छातीपाशी धरून
थोरल्याची उंची दाखवली.
सहावीचा असेल.

पावतीच्या मागे लिहून ठेवलंय,
पेन्सिलीनं:
आठ.