लिंग ओळखा

शुक्रवारी सकाळी नऊला सोहारमध्ये
सगळे झोपलेले, फक्त एसी जागे.
तळमजल्यावरच्या लांबट खोलीत
माझी अकरा मुलं येतात,
डोळे अर्धे मिटलेले, खिशात खजुराच्या बिया.
मराठीचा तास. फी नाही. खडू माझे.

आज फळ्यावर लिहिलं : लिंग ओळखा.
मागच्या बाकावरचा चिन्मय फिसकन हसला.
हसू दिलं.

दाढी?
"तो!" एका सुरात.
नाही रे, ती दाढी.
मिशी? जरा चाचरत, "ती?"
ती. आणि पदर?
"ती!"
तो पदर.
रडू?
"ती ती ती!" मुलगेच ओरडले.
ते रडू. नपुंसकलिंगी.
चिन्मयने ते वहीत दोनदा लिहून घेतलं.

स्वयंपाक?
तो स्वयंपाक, म्हटल्यावर
ईशानीने पेन्सिल खाली ठेवली :
"मग आमच्या घरी तो नेहमी तीच का करते?"

शार्दूल म्हणाला, आमच्याकडे बाबा करतात.
पोर्टच्या कॅम्पात, चारशे माणसांचा.
कणकेला मशीन आहे, पण मीठ ते हातानेच घालतात.
"आणि घरी?"
"घरी आई. सुट्टीत बाबांचे हात दुखतात."
"आईचे?"
शार्दूल बोटातली अंगठी फिरवत राहिला.
"कधी विचारलं नाही."

पुस्तकातलं वाक्य होतं :
आई भाजी चिरते, बाबा पेपर वाचतात.
मी म्हटलं, कर्ते बदला.
बाबा भाजी चिरतात, आई पेपर वाचते.
क्रियापदं मुकाट बदलली,
त्यांना काहीच वाटलं नाही.
हसलो ते आपणच.

मग वह्या.
रुमाना परकारने लिहिलं होतं :
मी अब्बांबरोबर मासळी बाजारात जातो.
मी सुरमई शेपटीला धरून उचलतो.
मी घाबरत नाही.
तीन भावांत एकटी, ऐकते तेच बोलते.
लाल पेन "जातो"वर गेलं आणि तिथंच थांबलं.

कागलला आम्ही सगळ्या पोरी "जातो"च म्हणायचो.
आईसुद्धा : दळण घेऊन येतो गं, दार लाव.
त्यानं कुणी मुलगा झालं नव्हतं.
पुण्याला डीएडच्या पहिल्याच दिवशी
"बाई, आत येतो?" म्हटलं
आणि वर्ग बाकं बडवून हसला.
आठवड्याभरात मी "येते" झाले.
आवाजही थोडा बारीक झाला असेल,
कुणी मोजला नाही.
आता रेसिडेंट कार्डावर पेशा : गृहिणी.
तिथं लिंग ओळखायला सांगावं लागत नाही.

"मॅडम, चुकलं का?"
प्रमाण भाषेत, हो.
"मग 'उचलते' लिहू?"
लिही.
तिने खोडलं, लिहिलं, खोडरबराचा चुरा फुंकला
आणि मान वर करून म्हणाली,
"पण मासा तेवढाच जड राहतो ना?"

अकराला गाड्या आल्या.
शार्दूलच्या आईने काच खाली केली,
रात्रपाळीचा निळा गणवेश अजून अंगावर.
तो मागे बसत होता, मग पुढे जाऊन बसला
आणि तिच्या हाताकडे बघत राहिला,
जसं गणित बघतात.

संध्याकाळी आईला फोन लावला.
तिकडं पावणेआठ, भाकऱ्या झाल्या होत्या.
काय शिकवलंस आज, म्हणाली.
मी म्हटलं, दाढी ती असते.
आई खूप वेळ हसली, मग खोकली, मग म्हणाली,
"बरं, ठेवतो आता."

बावीस वर्षांनी माझ्याही तोंडून निघालं :
ठेवतो.
आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं,
कोण आलंय?