महिन्याला किती पानं

"महिन्याला किती पानं?" हा माझा पहिला प्रश्न.
हेडमास्तर बोटांवर मोजतात,
पाद्री रविवारांना गीतांच्या पत्रकांनी गुणतात,
विमेवाला थोडं फुगवूनच सांगतो.
झिफाबाई गप्प.
रुमालात गुंडाळलेल्या सेडीच्या नोटा
काउंटरवर ठेवल्या, वर तळहात दाबून धरला.

"आपल्या केटात महिन्याला माणसं किती मरतात, सेलोर्म?
मला कसं ठाऊक असणार ते?
पावसात कमी.
हर्मटानचा कोरडा वारा सुटला, धूळ आली,
म्हातारे खोकायला लागले की जास्त.
आणि एखादी होडी..."
तिथंच थांबल्या.
"मध्यम लिही."

मी लिहिलं: मध्यम.

आधी लेझर दाखवला. करडा, चौकोनी, गंभीर.
अर्ज, भाडेकरार, कोर्टाचे कागद,
अक्षर असं बसतं की ओलं बोट फिरवा, हलणार नाही.
"आणि रंग?"
रंग नाही.
"मग एडेमचं पोस्टर काळं-पांढरं काढू?
टोरांटोहून बहिणीनं पैसे पाठवलेत,
तिला भाऊ निळ्या झग्यातच हवा."
शिवाय हा तापताना वीज ओढतो,
त्यांच्या टपरीतला इन्व्हर्टर किंचाळला असता.

मग तो लहान, पांढरा, दारातच मांडलेला.
मालकाचा हुकूम: हाच आधी खपवायचा.
किंमत ऐकून बाईंचा हात नोटांवरून किंचित उचलला गेला.
मी शाईच्या डबीची किंमत सांगितली
(मालक जेवायला गेला होता)
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
हात पुन्हा नोटांवर.

"असलाच होता माझ्याकडं," त्या म्हणाल्या.
"तोग्बे आग्बोझोंची साठ पोस्टरं काढली त्यावर,
बाजारापासून खाजणापर्यंत भिंती भरल्या.
दुपारी एकच सर आली.
संध्याकाळी बघते तर
तोग्बेंचे डोळे हनुवटीवर आलेले,
गळ्यातले मणी वाहून तारखेत मिसळलेले.
पोरांनी पैसे दिले नाहीत.
मीही मागितले नाहीत."

तेव्हा मी टाकीवाला काढला, मागच्या फळीवरून.
चार बाटल्या, भरायच्या आणि विसरायच्या.
पिगमेंटची शाई, पाण्याला सहसा दाद देत नाही.
यंत्र महाग, पान स्वस्त.
बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला,
त्यांनी तो उलटा धरून तपासला,
म्हणजे माझ्या बाजूनं.

"एकच गोष्ट," मी म्हणालो,
"याला बसवून ठेवायचं नाही.
पानच निघालं नाही तर नळीत शाई सुकते.
आठवड्याला एक तरी रंगीत पान निघायलाच हवं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं,
जणू मी देवळात शिंकलो.
मग मला कळलं मी काय म्हणालो ते.

"तसं नाही... कुणी नसलं तर...
यातच एक बटण आहे, चाचणीचं पान,"
आणि दाबूनच दाखवलं.
यंत्र घसा खाकरल्यासारखं करून सरकलं:
पायऱ्या पायऱ्यांच्या बारीक रेघा,
निळ्या, किरमिजी, पिवळ्या, काळ्या.
रेघ तुटली नाही तर सगळं ठीक.

पान त्यांनी घडी न घालता घेतलं.
घासाघीस केली नाही, फक्त कागदाचं एक रीम वरकड मागितलं,
आणि ट्रोट्रोत, दोन गुडघ्यांमध्ये खोकं धरून,
वर आपली ओढणी टाकून निघून गेल्या.

परवा आईकडं जाताना टपरीवरून गेलो.
बाहेरच्या फळ्यावर नेहमी चेहरे असतात,
एकावर एक, कडा दुमडलेले.
त्या दिवशी एकच पान होतं.
चार टाचण्या, चार रंगांच्या रेघा, कुठंही न तुटलेल्या.
डोक्यावर परात घेतलेली एक मासेवाली
त्यासमोर उभी राहून वरपासून खालपर्यंत वाचत होती.
वाचून झाल्यावर परात सावरली, पुढं गेली.

मी जवळ जाऊन पाहिलं.
खाली झिफाबाईंनी तारीखही घातली होती.