खाली वीतभर

दगडाखाली तीन कोटेशनं.
माडग्याळचा वारा तिन्ही चाळतोय.
काटेरी तार स्वस्त.
सिमेंटची भिंत भक्कम, पण दिवस कलला
की कडेच्या पॅनेलांवर तिची सावली,
आणि सावलीची वीज होत नाही.

राहिली जाळी.
म्हाळाप्पा नमुन्यात चार बोटं घालून बघतो.
गेल्या सालापर्यंत इथंच मेंढरं चारायचा,
परवापासून इथलाच वॉचमन.
"कोकराची मान आत जाती ह्यातनं,
माघारी येत न्हाई."

मग?

"खालनं वीतभर मोकळं सोडा की.
पाणी जाईल. ससं जाईल."
आणि चोर?
"चोर वरनं येतोय, सायेब."

लिहिलं : जाळी, बारीक भोकाची, उंची सात फूट,
जमिनीपासून एक वीत सोडून.
ठेकेदाराचा फोन, वीत म्हणजे किती इंच?

म्हाळाप्पाला म्हटलं, हात दाखव.
टेप लावली.
साडेनऊ.